गूळ, शेण की युरिया? नायट्रिफायर जिवाणूंच्या दृष्टीने एसटीपीचं फीड कसं ठरवावं

पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बघायला गेलो होतो. ब्लोअर रूमच्या (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांच्या खोलीच्या) कोपऱ्यात गुळाच्या ढेपा रचलेल्या, बाजूला शेणाचं पिंप. प्रयोगशाळेचा अहवाल हातात होता: बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ९, अमोनिया नत्र ३६ मिलिग्रॅम प्रति लिटर. सचिवांचा प्रश्न साधा होता, "पाणी काचेसारखं दिसतंय, मग अमोनिया का उतरत नाही?" ऑपरेटर म्हणाला, "सर, बॅक्टेरिया उपाशी आहेत. गूळ वाढवून बघू का?"

हाच प्रश्न मला वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्लांटवर ऐकू येतो. ऑपरेटरची त्यात चूक नसते, त्याला तसंच शिकवलेलं असतं. पण अमोनिया उतरवणारे नायट्रिफायर जिवाणू गूळ खातच नाहीत. त्यांना काय लागतं, आपण टाकीत जे काही सोडतो त्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो आणि त्यावरून फीड, म्हणजे टाकीत जाणारं पाणी आणि अन्न, कसं ठरवायचं, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी हे जिवाणू खातात काय

हवेच्या टाकीत दोन वेगळी कुळं नांदतात. पहिलं कुळ परपोषी जिवाणूंचं. साखर, पिष्ट, तेल, साबण, प्रथिनं, जे सेंद्रिय मिळेल ते खातात आणि झपाट्याने वाढतात. बीओडी कमी होतो तो यांच्यामुळे. दुसरं कुळ नायट्रिफायरचं. त्यांना ऊर्जा मिळते अमोनियाच्या ऑक्सिडेशनमधून, आणि अंग घडवायचा कार्बन ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटमधून घेतात. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरा किंवा नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही कामं एकट्याने करतात, हे २०१५ मध्ये उघड झालं.

हे काम जिवंत सूक्ष्मजीव करतात, हे १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्यून्त्स यांनी दाखवलं. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून ते सांडपाणी हळूहळू सोडत राहिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता, मग नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबलं. १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्कीने हे जिवाणू वेगळे केले, तेसुद्धा सेंद्रिय अन्नाचा कणही नसलेल्या क्षारांच्या द्रावणात वाढवून. मला त्या नळीतली चुनखडी फार महत्त्वाची वाटते. वीस दिवसांचा धीर आणि क्षारता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद), या दोन्ही गोष्टी त्या पहिल्या प्रयोगातच होत्या. आपल्या प्लांटवर नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात.

आता चार आकडे. हे ब्लोअर रूमच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. १ ग्रॅम अमोनिया नत्राचं नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्याच वेळी ७.१४ ग्रॅम क्षारता खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. एवढं करून नायट्रिफायरची वाढ होते जेमतेम ०.१५ ग्रॅम. उलट परपोषी जिवाणू १ ग्रॅम सीओडीवर (रासायनिक चाचणीने मोजलेल्या सेंद्रिय अन्नावर) ०.४ ग्रॅमच्या आसपास वाढतात. म्हणजे नायट्रिफायर भरपूर राबतात आणि अगदी थोडे वाढतात. एकदा गेले की परत यायला आठवडे लागतात.

फीडचा परिणाम त्यांच्यापर्यंत कसा पोचतो

पहिली वाट ऑक्सिजनची. टाकीत एकदम साखर पडली की परपोषी जिवाणू तासाभरात त्यावर तुटून पडतात आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) २ वरून अर्ध्यावर, कधी शून्याजवळ येतो. कमी डीओत परपोष्यांचं भागतं, नायट्रिफायरचं भागत नाही.

दुसरी वाट जागेची. कार्बन जितका जास्त, तितका परपोषी गाळ जास्त. एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) वाढला म्हणून ऑपरेटर गाळ बाहेर काढतो, त्याबरोबर हळू वाढणारे नायट्रिफायरही वाहून जातात. बीओडी आणि टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नत्र मिळून) यांचं गुणोत्तर १ असताना गाळात नायट्रिफायरचा अंदाजे वाटा २१ टक्के धरतात. गुणोत्तर ३ झालं की तो ८ टक्क्यांवर, ५ झालं की साडेपाच टक्क्यांच्या आत आणि ९ झालं की ३ टक्क्यांच्याही खाली येतो. एमएलएसएस ४,००० आहे हे ऐकून म्हणूनच मी खूश होत नाही. त्यात कामाचे किती, हे फीड ठरवतं.

तिसरी वाट क्षारतेची. त्यावर पुढे सविस्तर येईन, कारण महाराष्ट्रातल्या धरणाच्या मऊ पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. चौथी वाट विषाची: संडास साफ करायचं ॲसिड, काळं फिनाईल, ब्लीच, जंतुनाशकांमधली क्वाटर्नरी अमोनियम संयुगं. परपोषी जिवाणू यातून लवकर सावरतात, नायट्रिफायर सावरत नाहीत.

पायरी पहिली: आठ दिवस काही टाकू नका, फक्त मोजा

गूळ, शेण, पावडर, सगळं थांबवा. गूळ आठ दिवस बंद राहिला म्हणून कोणताही वापरातला प्लांट मरत नाही.

येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा पीएच, क्षारता आणि अमोनिया रोज लिहा. हवेच्या टाकीत डीओ सकाळी आठ-नऊला आणि रात्री असा दोनदा घ्या, कारण सकाळच्या अंघोळी-संडासाच्या लोंढ्यानंतर तो सर्वांत खाली जातो. दुपारी तीनचा डीओ लिहून ठेवायची पद्धत जवळपास सगळीकडे आहे, आणि त्या वेळी टाकी निवांत असते. जाणाऱ्या पाण्यात नायट्राइट आणि नायट्रेट दोन दिवसांआड बघा. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाण्याचा बीओडी आणि टीकेएन प्रयोगशाळेतून करून घ्या. नुसता अमोनिया मागू नका, टीकेएन मागा. प्रथिनांत आणि युरियात दडलेलं नत्र अमोनियाच्या चाचणीत दिसत नाही, टाकीत गेल्यावर मात्र ते अमोनिया होतं.

क्षारतेची चाचणी सोपी आहे. १०० मिली गाळलेलं पाणी घ्या, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाका आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने सोडा. पिवळ्याचा नारिंगी रंग झाला की थांबा. जितके मिली ॲसिड लागलं, त्याला १० ने गुणा, की मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये क्षारता मिळते. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटसाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी किट चालते, नमुना पातळ करून घ्यावा लागतो इतकंच.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे बीओडी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांचा काढतात. अर्धवट नायट्रिफिकेशन होणाऱ्या प्लांटच्या पाण्यात अमोनिया आणि नायट्रिफायर दोन्ही असतात. ते बाटलीतही काम चालू ठेवतात आणि बीओडी खोटा वाढलेला दिसतो. शंका आली तर नायट्रिफिकेशन रोखणारं ॲलाइल थायोयुरिया घालून दुसरी बाटली लावायला सांगा. दोन आकड्यांमधला फरक नायट्रिफायरचा.

पायरी दुसरी: आपलं फीड कोणत्या जातीचं, ते ओळखा

राहत्या सोसायटीचं सांडपाणी बहुतेक वेळा समतोल असतं. बीओडी २०० ते ३००, टीकेएन ४० ते ६०, म्हणजे गुणोत्तर ५ च्या आसपास. याला बाहेरून कार्बनही नको आणि नत्रही नको. इथे अडचण येते ती क्षारतेची, ऑक्सिजनची किंवा गाळाच्या वयाची (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो त्याची).

ऑफिसची, आयटी पार्कची गोष्ट अगदी वेगळी. तिथे स्वयंपाक, अंघोळ, कपडे धुणं यातलं काहीच नाही. फीड म्हणजे मुख्यतः मूत्र आणि फ्लशचं पाणी. बीओडी कमी, नत्र भरपूर, गुणोत्तर कधी २ च्याही आत. वरचा हिशेब लावला तर हे पाणी नायट्रिफायरला मानवायला हवं. तरी तिथे अमोनिया निम्म्यावर येऊन अडकतो आणि पीएच ६ च्या जवळ बसतो. कारण रसायनात आहे. मूत्रातला युरिया फुटून अमोनिया होताना १ ग्रॅम नत्रामागे ३.५७ ग्रॅम क्षारता तयार होते. त्याचं नायट्रेट व्हायला लागते ७.१४, बरोबर दुप्पट. मूत्र आपल्याबरोबर निम्मीच शिदोरी घेऊन येतं, उरलेली पाण्यातून यावी लागते. पाणी मऊ असेल तर निम्मं नत्र ऑक्सिडाइज झाल्यावर क्षारता संपते, पीएच कोसळतो आणि जिवाणू थांबतात. असा प्लांट दिसला की ब्लोअर वाढवण्यात वेळ घालवू नका, क्षारता मोजा.

हॉटेल, मंगल कार्यालय, कॅन्टीनचं पाणी म्हणजे पिष्ट आणि तेल. ग्रीस ट्रॅप नीट साफ होत नसेल तर तेल फ्लॉकभोवती (जिवाणूंच्या गुठळ्यांभोवती) बसतं आणि ऑक्सिजन आत पोचत नाही. लग्नाच्या दिवशी भार कित्येक पट वाढतो, दुसऱ्या दिवशी शून्य. इथे इक्वलायझेशन टँक (येणारं पाणी साठवून सारखं सोडणारी टाकी) मोठी असणं बाकी कोणत्याही उपायापेक्षा मोलाचं.

कत्तलखाना, मासळी प्रक्रिया, दूध प्रकल्प: इथे नत्र प्रथिनांच्या रूपात येतं. येणाऱ्या पाण्यात अमोनिया १५ दिसतो आणि बाहेर जाताना ६०. लोक म्हणतात प्लांट अमोनिया तयार करतोय, आणि ते खरंच आहे, प्रथिनं फुटून तो तयार होतोय. दुसरा प्रकार चीजच्या निवळीचा. त्यात दुग्धशर्करा इतकी असते की परपोषी सगळा ऑक्सिजन उचलतात, म्हणून ती निवळी मुख्य प्रवाहात थेट सोडू नये. कोकणातल्या मासळी प्रकल्पांत मीठही असतं. नायट्रिफायर मिठाशी जुळवून घेतात, पण हळूहळू. आज गोडं आणि उद्या खारं असं चालू राहिलं तर ते कधीच बसत नाहीत.

साखर कारखान्याच्या ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्लांटमध्ये) उलट चित्र. कार्बन प्रचंड, नत्र नगण्य. तिथे नायट्रिफिकेशन हा विषयच नसतो, परपोष्यांना पुरेल इतकं नत्र बाहेरून द्यावं लागतं. युरियाचा खरा उपयोग तिथे आहे, आणि तोही मोजून.

पायरी तिसरी: प्रत्येक पोत्याचा हिशेब

*गूळ.* १० किलो गूळ म्हणजे साधारण ११ किलो सीओडी. त्यातला साडेचार-पाच किलो भाग जाळायला परपोषी जिवाणू काही तासांत तेवढाच ऑक्सिजन टाकीतून उचलतात. तेवढाच ऑक्सिजन नायट्रिफायरला मिळाला असता तर त्यांनी सुमारे एक किलो अमोनिया नत्र संपवलं असतं. उरलेल्या सीओडीतून साडेचार किलोच्या आसपास नवा गाळ बनतो. त्या गाळाच्या शरीरात सुमारे १२ टक्के नत्र असतं, म्हणजे अर्धा किलो नत्र तो पाण्यातून शोषून घेतो. गुळाबद्दलचा गैरसमज इथेच जन्मतो. गूळ टाकल्यावर एक-दोन दिवस अमोनिया खरंच थोडा उतरतो, पण ते नायट्रिफिकेशन नसतं. नत्र गाळात लपलेलं असतं, आणि तो गाळ टाकीत कुजला की अमोनिया परत येतो. ओळखायची खूण म्हणजे नायट्रेट. अमोनिया उतरला आणि त्या प्रमाणात नायट्रेट वाढलं नाही, तर नायट्रिफायरने काही केलेलं नाही. मात्र आधीच्या टाकीत डिनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नत्र वायू होणं) होत असेल तर नायट्रेट तिथे खर्च होतं, हे धरून चाला.

गुळाला प्लांटमध्ये एकच मानाची जागा आहे: हवा नसलेली ॲनॉक्सिक टाकी. तिथे परपोषी जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नत्र वायू सोडतात आणि १ ग्रॅम नायट्रेट नत्रामागे ३.५७ ग्रॅम क्षारता परत मिळते. यासाठी साधारण ५ ग्रॅम सीओडी लागतो. ऑफिसच्या प्लांटवर बीओडी कमी पडतो, तेव्हा ॲनॉक्सिक टाकीत गुळाचं पाणी डोसिंग पंपाने सावकाश सोडणं योग्यच आहे. त्याहून चांगलं म्हणजे कॅन्टीनच्या ग्रीस ट्रॅपनंतरचं पाणी त्या टाकीकडे वळवणं. ते फुकटचं आहे.

*शेण.* शेणात जिवाणू असतात हे खरं, पण ते जनावराच्या पोटातले. ऑक्सिजनशिवाय राहणारे, तंतू फोडणारे. नायट्रिफायर त्यात जवळपास नसतातच. शेणाने एमएलएसएस पटकन वर दिसतो, कारण त्यात न कुजणारे तंतू असतात. ते तंतू टाकीच्या तळाशी आणि हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरवर बसतात. नायट्रिफिकेशनसाठी शेणाचा काही उपयोग नाही. मेम्ब्रेन असलेल्या प्लांटमध्ये तर ते अजिबात नको.

*युरिया.* यात ४६ टक्के नत्र. राहत्या सोसायटीत युरिया टाकणं म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार आहे तीच वाढवणं. जिथे नत्र खरंच कमी आहे तिथे १०० बीओडीला ५ नत्र आणि १ स्फुरद हे प्रमाण धरतात. उदाहरणार्थ, रोज ५०० घनमीटर पाणी आणि बीओडी १,५०० असेल तर ७५० किलो बीओडी. त्याला ३७.५ किलो नत्र, म्हणजे ८१ किलो युरिया. पण आधी पाण्यातलं टीकेएन वजा करा. गाळाचं वय जास्त असेल तर गरज आणखी कमी असते, निम्म्यावरही येते. निम्म्यापासून सुरुवात करून जाणाऱ्या पाण्यात अमोनिया १-२ राहतोय का ते बघत वाढवा. ठरलेली दोन पोती रोज रिकामी करण्याच्या सवयीमुळेच कित्येक ईटीपींचा अमोनिया मर्यादेबाहेर जातो.

*अमोनियम सल्फेट, अमोनियम क्लोराइड.* युरिया फुटताना निम्मी क्षारता तरी देतो, हे क्षार काहीच देत नाहीत. नायट्रिफायर वाढवण्यासाठी वापरायचे असतील तर सोबत खाण्याचा सोडा हवाच. *डीएपी* मध्ये १८ टक्के नत्र असतं, त्याचा उपयोग स्फुरदासाठी.

*कल्चर पावडर.* बाजारातल्या कोरड्या पावडरींत बहुतेक बीजाणू तयार करणारे बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. नायट्रिफायर बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे महिनोन्‌महिने कोरड्या पुडीत जिवंत राहणं त्यांना जमत नाही. पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा ही जीवशास्त्राची अडचण मोठी आहे. त्याच पैशांत चांगल्या चालणाऱ्या प्लांटवरून गाळाचा टँकर येतो.

पायरी चौथी: नवा प्लांट किंवा मेलेला प्लांट उभा करताना

१९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्याला हवा देत ठेवली तेव्हा पहिल्या खेपेला पूर्ण नायट्रिफिकेशनला पाच आठवडे लागले. त्यांनी तो गाळ फेकला नाही, तळाशी ठेवला आणि नवं पाणी घातलं. खेपेगणिक वेळ कमी होत गेला. ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धत जन्मली ती इथून. नवीन प्लांटवर आठव्या दिवशी अमोनियाचा अहवाल मागणाऱ्या बिल्डरला मी हीच गोष्ट सांगतो.

सीडिंगसाठी (विरजण म्हणून) गाळ घ्यायचा तो अशा प्लांटचा, ज्याच्या जाणाऱ्या पाण्यात अमोनिया २ च्या खाली आणि नायट्रेट स्पष्ट दिसतंय. नुसता काळपट दाट गाळ बघून घेऊ नका. ८,००० मिलिग्रॅम प्रति लिटरचा १० घनमीटर गाळ म्हणजे ८० किलो घन पदार्थ. १०० घनमीटरच्या टाकीत त्याने एमएलएसएस ८०० होतो. सुरुवातीला तेवढा पुरतो. गाळ आणल्या दिवशीच टाकीत घाला, टँकरमध्ये रात्रभर सडवू नका.

मग फीड थोडं ठेवा. पहिला आठवडा क्षमतेच्या पाव भाग, पुढे दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवत जा. दहा टक्केच लोक राहायला आलेत म्हणून फीड कमी पडतंय, तरी गुळाच्या वाटेला जाऊ नका. आलंय तेवढं सांडपाणी त्यांचं खरं अन्न आहे. टाकीचे दोन भाग असतील तर एकच चालवा. फारच कमी पडत असेल तर अमोनियम क्लोराइड आणि सोडा जोडीने द्या. गाळ बाहेर काढणं पहिला महिनाभर बंद.

यात एक टप्पा घाबरवणारा येतो. अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट १०-१५ वर जातं. अमोनिया खाणारे आधी वाढतात, नायट्राइट खाणारे मागून येतात. पीएच ७ ते ८ मध्ये ठेवा आणि वाट बघा. याच वेळी क्षारता वाढवायला घमेल्याने चुना टाकला तर घोटाळा होतो. ३० अंश तापमानाला पीएच ७.५ असताना अमोनियातला अडीच टक्के भाग मुक्त रूपात असतो, पीएच ८.५ झाला की तो २० टक्क्यांवर जातो. मुक्त अमोनियाने नायट्राइट खाणारे जिवाणू ०.१ ते १ मिलिग्रॅम प्रति लिटरलाच मंदावतात. म्हणून मी चुन्यापेक्षा खाण्याचा सोडा पसंत करतो. महाग पडतो, पण पीएच उसळत नाही.

पायरी पाचवी: क्षारतेचा हिशेब

सुरुवातीला सांगितलेल्या सोसायटीचाच हिशेब करू. रोज १५० घनमीटर पाणी, टीकेएन ५०. त्यातलं साधारण १० गाळाच्या वाढीत जातं, २ बाहेर जातं, उरलं ३८. गुणिले ७.१४ म्हणजे २७१ क्षारता खर्च होणार. जाणाऱ्या पाण्यात किमान ८० शिल्लक हवी, नाहीतर पीएच डळमळतो. एकूण गरज ३५१. (सेंद्रिय नत्र फुटताना मिळणारी आणि गाळ वाढताना खर्च होणारी क्षारता ढोबळ हिशेबात एकमेकींना जवळपास कापतात, म्हणून सोडून दिल्या.) येणाऱ्या पाण्यात क्षारता मोजली ती २००. तूट १५१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे रोज २२.६ किलो.

१ किलो क्षारतेसाठी १.६८ किलो खाण्याचा सोडा, १.०६ किलो सोडा ॲश किंवा ०.७४ किलो विरी गेलेला चुना लागतो. फक्त सोड्यावर भागवायचं तर रोज ३८ किलो. कोणतीही सोसायटी हे वर्षभर करणार नाही. पण प्लांटला ॲनॉक्सिक टाकी होती, तिच्याकडे नायट्रेटचं पाणी परत आणणारा रिसायकल पंप मात्र बंद पडलेला. पंप चालू करून २५ मिलिग्रॅम नायट्रेट नत्राचं डिनायट्रिफिकेशन झालं तर ८९ क्षारता परत येते. तूट उरते ६२, म्हणजे ९.३ किलो, सोडा साडेपंधरा किलो. गूळ बंद केला, पंप दुरुस्त केला, सोडा डोसिंग पंपाने दिवसभर वाटून दिला, गाळ काढणं निम्म्यावर आणलं. सहाव्या आठवड्यात अमोनिया ३ च्या खाली आला. सोसायटीने काही काळ धरणाच्या पाण्यात बोअरचं पाणीही मिसळलं. त्या बोअरची क्षारता जास्त होती, त्यामुळे सोडा आणखी कमी लागला. बोअरचं पाणी जड म्हणून सगळे नाक मुरडतात, नायट्रिफायरला ते मानवतं.

पायरी सहावी: बादलीतली चाचणी

फीडवर वाद घालण्यापेक्षा गाळालाच विचारा. हवेच्या टाकीतला ५ लिटर मिश्रण बादलीत घ्या, मत्स्यालयाच्या पंपाने हवा द्या. लिटरमागे ७६ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड (म्हणजे २० मिलिग्रॅम नत्र) आणि ३०० मिलिग्रॅम खाण्याचा सोडा घाला. दर तासाला थोडा नमुना गाळून अमोनिया मोजा, चार तास. घरगुती सांडपाण्याच्या चांगल्या गाळात १ ग्रॅम व्हीएसएसमागे (गाळातल्या सेंद्रिय भागामागे) तासाला १ ते ३ मिलिग्रॅम नत्र उतरतं. व्हीएसएस लिटरला ३ ग्रॅम असेल तर तासाला ३ ते ९ मिलिग्रॅम.

बादलीत अमोनिया झरझर उतरला आणि टाकीत उतरत नाही, तर जिवाणू आहेत, टाकीत ऑक्सिजन किंवा क्षारता नाही. बादलीतही उतरला नाही, तर जिवाणूच नाहीत किंवा विष आहे. मग दुसरी बादली लावा: चांगल्या प्लांटचा गाळ आणि तुमचं येणारं सांडपाणी. तिथेही तो मंदावला तर हाउसकीपिंगच्या खोलीत जाऊन बाटल्यांवरची लेबलं वाचा. एका इमारतीत रोज सकाळी मजल्यामजल्यावर ॲसिड ओतलं जात होतं. ते आठवड्यातून एकदा आणि पातळ करून केल्यावर पुढचं काम सोपं झालं.

एमबीबीआर असेल तर जिवाणू गाळात नसून प्लॅस्टिकच्या मीडियावर असतात. बादलीत टाकीतल्या प्रमाणातच मीडिया घ्या. अशा प्लांटमध्ये कार्बनचा भार वाढला की मीडियावर परपोष्यांचा जाड थर चढतो आणि आतल्या नायट्रिफायरला ऑक्सिजन पोचत नाही. दोन टाक्या असतील तर पहिलीत बीओडी संपवा, दुसरी नायट्रिफायरसाठी राखून ठेवा.

फीड बदलताना आणि तुटताना

दिवाळीत ऑफिस आठवडाभर बंद राहतं. ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवले तर हवेत उपाशी नायट्रिफायर रोज सुमारे १० टक्क्यांनी घटतात, दहा दिवसांत जेमतेम एक तृतीयांश उरतात. ब्लोअर आलटून पालटून चालवा, तासभर चालू आणि दोन-तीन तास बंद. हवा नसताना त्यांची घट कमी होते. मात्र सलग बारा-पंधरा तास बंद ठेवू नका, गाळ सडतो. शक्य असेल तर सुट्टीआधी इक्वलायझेशन टँक भरून ठेवा आणि रोज थोडं थोडं सोडा. उघडल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण भार घेऊ नका.

सेप्टिक टँकचा मैला एसटीपीत घ्यायचा असेल तर आधी नत्राचा हिशेब करा. ५ घनमीटरच्या टँकरमध्ये अमोनिया नत्र समजा ४०० आहे, म्हणजे २ किलो नत्र. १५० घनमीटरच्या आपल्या प्लांटला दिवसाला येतं साडेसात किलो. दिवसाच्या भाराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नत्र पंधरा मिनिटांत टाकीत पडणार, त्याला ९ किलो ऑक्सिजन आणि १४ किलो क्षारता लागणार. टँकर थेट हवेच्या टाकीत कधीच रिकामा करू नका. वेगळ्या टाकीत उतरवा, जाळीतून काढा आणि रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात, घरांतून पाणी येत नसताना, लहान पंपाने सोडा. पहिल्या आठवड्यात एक टँकर. जाणाऱ्या पाण्याचा अमोनिया तीन दिवस २ च्या खाली राहिला तरच दुसरा.